एक्सएमएलची कामे आणि खिडकीआड राहणारे निर्णय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीत डेटा एकत्रीकरणाच्या साधनांची ओळख करून देणारा लेख नुकताच वाचला. एका ठिकाणचा डेटा उचलायचा, तो तपासायचा, त्याचे रूप बदलायचे आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचा, हे सगळे काम आता पडद्यावर चौकोन ओढून आणि ते बाणांनी जोडून करता येते, त्यासाठी प्रोग्रॅमिंगची गरज उरलेली नाही, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. लेख सोप्या भाषेत लिहिलेला होता आणि नवख्या वाचकाला तो उपयोगी पडेल यात शंका नाही. मात्र एक्सएमएल, म्हणजे खुणांच्या (टॅगच्या) साहाय्याने माहिती मांडणाऱ्या फायलींवर प्रक्रिया करणाऱ्या टास्कविषयी, म्हणजे तशा एका चौकोनाविषयी, त्यात जे म्हटले आहे, ते या कामात रोज असणाऱ्या माणसाला अपुरे वाटते, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एवढेच आहे की, या टास्कमधले जे निर्णय आज एका खिडकीतल्या छोट्या छोट्या चौकटींत टिचकी मारून घेतले जातात, ते प्रोग्रॅममधून, म्हणजे दुसऱ्या माणसाला वाचता येतील आणि यंत्राला तपासता येतील अशा लेखी स्वरूपात घेतले पाहिजेत. निदान अशा टास्कची संख्या वाढत जाते तिथे तरी.

एक्सएमएल आता जुने झाले, असे अनेकांना वाटते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल 1.0 ची शिफारस 10 फेब्रुवारी 1998 रोजी प्रसिद्ध केली आणि वेबवरच्या देवाणघेवाणीत पुढे तिची बरीच जागा जेसॉन या दुसऱ्या स्वरूपाने घेतली, हेही खरेच आहे. तरीपण बँकांच्या आपसातल्या संदेशांसाठीचे आयएसओ 20022 हे मानक, कंपन्यांच्या आर्थिक अहवालांसाठीचे एक्सबीआरएल, आणि आपण सगळे वापरतो त्या वर्ड व एक्सेलच्या आताच्या फायली, या सर्वांच्या पोटात आजही एक्सएमएलच आहे. त्यामुळे कोणत्याही मोठ्या संस्थेच्या डेटा विभागात रोज रात्री बाहेरून एक्सएमएल फायली येतात, त्या तपासल्या जातात, फोडल्या जातात आणि टेबलांमध्ये भरल्या जातात. हे काम चुकले तर सकाळी कोणाचा तरी भरणा खात्यावर दिसत नाही किंवा कोणाचा तरी अर्ज अडकून पडतो.

लेखात ज्या प्रकारच्या साधनाचे वर्णन होते, त्याचे सर्वांत परिचित उदाहरण मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजेच एसएसआयएस हे आहे. 2005 च्या एसक्यूएल सर्व्हरबरोबर ते आले आणि त्याने डीटीएस या आधीच्या साधनाची जागा घेतली. आजही त्याच्या पॅकेजची, म्हणजे चौकोन जोडून बनवलेल्या एका पूर्ण कामाची, फाइल डीटीएसएक्स याच नावाने ओळखली जाते आणि ती फाइल स्वतःदेखील एक्सएमएलच असते. या साधनात ‘एक्सएमएल टास्क’ नावाचा एकच चौकोन सहा वेगवेगळी कामे करतो. दिलेल्या नियमांनुसार फाइल तपासणे, एक्सएसएलटी ही भाषा वापरून तिचे रूपांतर करणे, एक्सपाथ या शोधाच्या भाषेने तिच्यातला नेमका भाग काढणे, दोन फायली एकत्र करणे, दोन फायलींतला फरक काढणे आणि तो फरक पुन्हा मूळ फाइलवर लावणे, ही ती सहा कामे. अपाचे नायफायसारख्या साधनांत तपासणी, रूपांतर, एक्सपाथ आणि फाइलचे तुकडे करणे यांसाठी स्वतंत्र प्रोसेसर, म्हणजे स्वतंत्र चौकोन, आहेत. एसएसआयएसमध्ये मात्र चौकोन एकच, आणि त्यातले काम बदलले की बाकीच्या अर्ध्या प्रॉपर्टींचा, म्हणजे सेटिंग्जचा, अर्थही बदलतो. खरी अडचण इथून सुरू होते.

या टास्कला ‘सोर्स’ नावाची एक प्रॉपर्टी आहे आणि ‘सोर्स टाइप’ नावाची दुसरी. सोर्स टाइप ‘फाइल कनेक्शन’ असेल तर सोर्समध्ये पॅकेजमधल्या कनेक्शनचे, म्हणजे फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदीचे, नाव द्यायचे, ‘व्हेरिएबल’ असेल तर मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या व्हेरिएबलचे नाव द्यायचे, आणि ‘डायरेक्ट इनपुट’ असेल तर खुद्द एक्सएमएलचा मजकूरच तिथे लिहायचा. म्हणजे एका चौकटीत लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ शेजारच्या चौकटीवरून ठरतो. आता समजा, सोर्समध्ये फाइलचा मार्ग गेला आणि सोर्स टाइप डायरेक्ट इनपुटवरच राहिले. पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, त्या मार्गालाच एक्सएमएल समजून वाचायला घेतो, पहिलेच अक्षर कोनी कंस नाही हे पाहून थबकतो आणि ‘मुळाशी असलेला डेटा अवैध आहे, ओळ 1, स्थान 1’ अशा अर्थाची तक्रार करून थांबतो. तेवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण हीच तक्रार अगदी निर्दोष फाइलवरही येऊ शकते. फाइलच्या सुरुवातीचे बाइट ऑर्डर मार्क हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह मजकुराबरोबर व्हेरिएबलमध्ये आले आणि तो मजकूर तसाच पार्सरच्या हाती दिला की संदेश तोच, ओळ तीच आणि स्थानही तेच. कारणे मात्र सर्वस्वी वेगळी. खिडकी उघडून बसलेला माणूस अशा वेळी फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहतो, आणि फाइल तर स्वच्छ दिसत असते.

प्रोग्रॅममधून हाच टास्क तयार करताना सोर्स टाइप आणि सोर्स या दोन ओळी एकाखाली एक येतात. एकीत ‘फाइल कनेक्शन’ आणि लगेच खालच्या ओळीत कनेक्शनचे नाव असे लिहिलेले असले की त्यांच्यातली विसंगती वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोन्ही गोष्टी एकदम ठरवणारे एखादे छोटे फंक्शन लिहून ठेवता येते, म्हणजे एक बदलून दुसरी विसरण्याची सोयच राहत नाही. खिडकीत अशी सोय करता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. तपासणीच्या कामात या टास्कला ‘फेल ऑन व्हॅलिडेशन फेल’ अशी एक प्रॉपर्टी आहे. फाइल नियमांत बसली नाही तर टास्कने अपयशी व्हायचे की नाही, हे ती ठरवते. ती बंद असेल, तर टास्क आपले काम चोख करतो, फाइल नियमांत बसत नाही असा निष्कर्षही काढतो, सांगितले असल्यास तो निष्कर्ष एखाद्या व्हेरिएबलमध्ये लिहूनही ठेवतो, आणि मग यशस्वी म्हणून हिरवी खूण दाखवून पुढच्या चौकोनाला वाट मोकळी करून देतो. अर्ज अपुरा आहे अशी नोंद स्वतःच्या वहीत करून अर्जावर मात्र शिक्का मारून तो पुढे सरकवणाऱ्या कारकुनासारखेच हे. त्या व्हेरिएबलकडे पुढे कोणी पाहत असेल तर काही बिघडत नाही. किंबहुना सदोष फायली बाजूला काढून चांगल्या फायलींचे काम चालू ठेवायचे असेल, तेव्हा हीच पद्धत योग्य ठरते. पण तसे कोणी पाहत नसेल, तर रोज रात्री तपासणी झाल्याची नोंद लॉगमध्ये होत राहते आणि सदोष फायली टेबलांत जात राहतात. तपासणी मुळीच नसलेली परवडली, कारण मग निदान ती आहे असा कोणाचा समज तरी होत नाही.

आपल्या पुरवणीतल्या लेखात तपासणीचा चौकोन ‘एका टिचकीत’ जोडता येतो असे कौतुकाने म्हटले आहे. जोडता येतो हे खरे आहे; पण जोडल्यानंतर तो काय करील, हे ठरवणारी ती एक प्रॉपर्टी लेखात कुठेच आली नाही. खिडकीत ती अनेक ओळींपैकी एक असते, आणि तपासणीचे काम निवडल्याशिवाय ती विचारात घ्यायचे कारणही नसते. प्रोग्रॅममध्ये मात्र ती खरे किंवा खोटे अशी स्पष्ट लिहिलेली एक ओळ असते, तिच्याशेजारी ‘का’ हे सांगणारी टीप लिहिता येते, आणि उद्या कोणी ती बदलली तर कोणी, कधी आणि कशाबरोबर बदलली हे कोडच्या इतिहासात राहते. पॅकेजच्या डीटीएसएक्स फाइलचाही असा इतिहास ठेवता येतो, हे मला ठाऊक आहे. 2012 च्या आवृत्तीत त्या फाइलची रचना दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायला सोपी करण्यात आली, हेही खरे. तरीही यंत्राने लिहिलेल्या त्या लांबलचक मजकुरातून एका प्रॉपर्टीतला बदल शोधणे आणि माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ वाचणे, यांत बराच फरक आहे.

आता हे प्रोग्रॅममधून कसे करतात, ते थोडक्यात सांगतो, कारण ‘प्रोग्रॅमिंग’ म्हटले की काहीतरी अवाढव्य असावे असा समज होतो. सी शार्पसारख्या भाषेत आधी एक रिकामे पॅकेज तयार करायचे, त्याच्या एक्झिक्युटेबल्सच्या, म्हणजे चालवायच्या कामांच्या, संग्रहात ‘स्टॉक:एक्सएमएलटास्क’ या ठरीव नावाने टास्क जोडायचा, आणि परत मिळालेल्या टास्क होस्टमधून, म्हणजे टास्कभोवतीच्या वेष्टनातून, त्याच्या प्रॉपर्टी भरायच्या. हे भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रॉपर्टीचे नाव अवतरणचिन्हांत लिहून तिची किंमत द्यायची. हा मार्ग लवचीक आहे, कारण नावे आणि किमती टेबलातूनही आणता येतात. पण नावात एखादे अक्षर चुकले तर ते प्रोग्रॅम चालवल्यावरच कळते. दुसऱ्या मार्गात टास्क होस्टच्या आतला मूळ टास्क बाहेर काढून त्याच्या खऱ्या प्रकारात वापरायचा. मग नाव चुकले तर प्रोग्रॅम चालण्याआधी तो तपासणारा कंपायलरच अडवतो, आणि सोर्स टाइपसाठी ठरलेल्या तीन पर्यायांखेरीज चौथे नाव लिहिताच येत नाही. माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या मार्गाकडे आहे. मूळ मांडणी त्या मार्गाने करावी, आणि फक्त ज्या किमती फाइलगणिक बदलतात, म्हणजे कनेक्शनचे नाव, नियमांच्या फाइलचे नाव, निकालाची जागा, तेवढ्याच बाहेरून आणाव्यात. तपासायची की नाही, आणि तपासणीत नापास झाल्यास थांबायचे की नाही, हे टेबलातल्या एका रकान्यावर सोडू नये. तसे केले तर निर्णय खिडकीतून काढून टेबलात लपवल्यासारखे होईल.

पॅकेज तयार झाले की ते चालवण्याआधी त्याची स्वतःची पडताळणी करणारी एक पद्धत उपलब्ध असते. जोडलेली कनेक्शने आहेत का, लागणाऱ्या प्रॉपर्टी भरल्या आहेत का, हे ती पाहते. इथे एक गोष्ट नवख्यांना हमखास अडवते. येणारी फाइल पॅकेज तयार होताना अस्तित्वातच नसते, ती रात्री यायची असते, आणि पडताळणी मात्र फाइल नाही म्हणून आताच अपयश सांगते. त्यावर ‘डिले व्हॅलिडेशन’ हे पडताळणी पुढे ढकलणारे सेटिंग आहे, आणि ते योग्यच आहे. फक्त ते नेमक्या त्या टास्कपुरते लावावे. अनेकदा वैतागून ते संपूर्ण पॅकेजला लावले जाते आणि मग कशाचीच आगाऊ पडताळणी होत नाही. निकालाची फाइल नव्याने तयार व्हायची असेल तर तेही कनेक्शनला सांगावे लागते, नाहीतर ते फाइल आधीच असेल असे गृहीत धरते.

नेमस्पेसविषयी, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे घटक वेगळे ओळखता यावेत म्हणून नावांना जोडलेल्या पत्त्याविषयी, लेखात एक शब्दही नव्हता, याचे मात्र मला आश्चर्य वाटले, कारण एक्सपाथ वापरणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट तीच आहे. समजा, फाइलमध्ये ‘देयक’ नावाचे घटक आहेत आणि आपण सर्व देयके मागणारा एक्सपाथ लिहिला. उद्या फाइल पाठवणाऱ्याने मूळ घटकावर एक डीफॉल्ट, म्हणजे उपसर्गाशिवाय आतल्या सर्व घटकांना लागू होणारे, नेमस्पेस जोडले. फाइल डोळ्यांना जवळपास तशीच दिसते, ‘देयक’ हे नावही तसेच असते. पण एक्सपाथ 1.0 च्या नियमानुसार उपसर्ग नसलेले नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले नाव, आणि फाइलमधली देयके तर आता एका नेमस्पेसमध्ये आहेत. परिणाम असा की एक्सपाथला काहीच सापडत नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण काही न सापडणे ही एक्सपाथच्या दृष्टीने चूकच नाही. रिकामी यादी हे वैध उत्तर आहे. टास्क हिरवा होतो, टेबलात शून्य ओळी जातात आणि आज देयके आलीच नाहीत असा अहवाल तयार होतो. यावर पुष्कळजण घटकाचे फक्त स्थानिक नाव पाहणारा एक्सपाथ लिहून वेळ मारून नेतात. तो चालतो, पण त्याने वेगळ्या नेमस्पेसमधले त्याच नावाचे घटकही गोळा होतात. सरळ उपाय असा की, प्रोग्रॅममध्ये एक उपसर्ग त्या नेमस्पेसच्या पूर्ण पत्त्याशी बांधून घ्यावा, एक्सपाथमध्ये तो उपसर्ग वापरावा, आणि किमान एक घटक सापडलाच पाहिजे अशी अट खाली लगेच लिहावी. ही शेवटची अट खिडकीतल्या कोणत्याही चौकटीत बसत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगी असते.

फरक काढण्याच्या कामातही असेच आहे. मोकळ्या जागा, टिप्पण्या, उपसर्ग, नेमस्पेस, पोटघटकांचा क्रम अशा कितीतरी गोष्टींकडे दुर्लक्ष करण्याचे पर्याय तिथे आहेत. मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करण्यात सहसा काही गैर नाही. नेमस्पेसकडे दुर्लक्ष केले, तर वर सांगितलेला बदल त्या तुलनेत दिसणारच नाही.

सुरक्षेचा मुद्दा या सगळ्याहून वेगळा नाही. एक्सएमएलच्या डीटीडीमध्ये, म्हणजे फाइलची रचना सांगणाऱ्या भागात, स्वतःची लघुरूपे ठरवता येतात आणि एका लघुरूपात दुसरे लघुरूप वापरता येते. याचा गैरफायदा घेऊन एक किलोबाइटहून लहान फाइल लिहिता येते, जिच्यातले प्रत्येक लघुरूप आधीच्याची दहा-दहा वेळा पुनरावृत्ती करते; ती पूर्ण उलगडली की एक अब्ज शब्द आणि सुमारे तीन गीगाबाइट मेमरी होते. ‘बिलियन लाफ्स’ या नावाने हा हल्ला ओळखला जातो. दुसऱ्या प्रकारात लघुरूप बाहेरच्या फाइलकडे बोट दाखवते आणि पार्सर सर्व्हरवरची ती फाइल वाचून मजकुरात आणून ठेवतो. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत या दुसऱ्या प्रकाराला चौथे स्थान होते. 2021 च्या यादीत तो स्वतंत्र न राहता सुरक्षेची चुकीची सेटिंग्ज या मोठ्या गटात सामावला गेला. हे वर्गीकरण मला फार समर्पक वाटते, कारण बहुतेक वेळा दोष प्रोग्रॅमच्या तर्कात नसून एका सेटिंगमध्ये असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅमिंग मंचाच्या एक्सएमएल रीडरमध्ये, म्हणजे फाइल क्रमाने वाचणाऱ्या भागात, डीटीडीला मुळातच मनाई असते. एखादा पुरवठादार डीटीडी असलेली फाइल पाठवतो, काम अडते, घाई असते, आणि कोणीतरी ती मनाई उठवतो. काम सुरू होते आणि मनाई उठवलेलीच राहते. कोडमध्ये ती ओळ असेल तर निदान दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती पुढे जाणार नाही.

रूपांतराबद्दल फार लिहीत नाही. डॉट नेटमधले एक्सएसएलटीचे अंगभूत इंजिन 1999 च्या 1.0 या आवृत्तीपुरतेच आहे, त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांमधली गटवारीची सोय त्यात मिळत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मोठ्या फायलींबाबत मात्र एक सावधगिरीची सूचना लेखात असायला हवी होती. संपूर्ण फाइल मेमरीत उभी करून तिच्यावर एक्सपाथ चालवला की मूळ फाइलच्या कितीतरी पट मेमरी लागते. फाइल मोठी असेल तर ती रीडरने पुढे पुढे वाचत जाणे आणि एकेक नोंद वेगळी काढणे हाच मार्ग आहे, आणि तिथे ओढायचा चौकोन फारसा कामाचा नसतो.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. खिडकीत चूक केली तर ती एका पॅकेजमध्ये राहते. प्रोग्रॅममधली चूक मात्र त्यातून तयार होणाऱ्या प्रत्येक पॅकेजमध्ये उतरते. हे मी नाकारत नाही. म्हणूनच प्रोग्रॅमबरोबर चाचण्या हव्यात, आणि त्या चाचण्यांत मुद्दाम बिघडवलेल्या फायली हव्यात. एका फाइलमधला आवश्यक घटक काढून टाकावा, दुसरीतले नेमस्पेस बदलावे, तिसरीच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-16 ही अक्षरे साठवण्याची पद्धत लिहून ती प्रत्यक्षात यूटीएफ-8 या वेगळ्या पद्धतीत साठवावी. या तिन्ही फायलींवर टास्क अपयशी झाला तरच चाचणी उत्तीर्ण समजावी. चांगल्या फाइलवर टास्क चालतो हे तर खिडकीतही पहिल्याच दिवशी दिसते. वाईट फाइलवर तो थांबतो की नाही, हे मात्र मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येक बदलानंतर ते पुन्हा तपासायचे तर हाताने ते कोणी करीत नाही. देवनागरी मजकूर असलेली एक फाइलही त्यांत ठेवावी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. वाटेत कुठे जुन्या एकबाइटी संकेतप्रणालीतून मजकूर गेला की नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात, आणि तपासणीच्या नियमांना त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण प्रश्नचिन्ह हादेखील मजकूरच.

आणखी एक आक्षेप असा की, सगळ्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही. दोन-तीन फायलींचे, क्वचित बदलणारे काम असेल तर खिडकीच बरी, त्यासाठी प्रोग्रॅम लिहीत बसणे म्हणजे उगाच व्याप वाढवणे आहे. पण एकाच साच्याची पन्नास पॅकेजेस हाताने बनवणारा माणूस पन्नास वेळा त्याच खिडकीत तीच सेटिंग्ज भरत असतो, आणि तिसाव्या वेळी कोणती चौकट राहिली हे त्यालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी बिमलसारखी, वर्णनावरून पॅकेजेस तयार करून देणारी भाषाही वापरता येते. ती शिकायला पूर्ण प्रोग्रॅमर असावे लागत नाही. नियम एकच पाळावा लागतो : प्रोग्रॅमने तयार केलेले पॅकेज नंतर हाताने दुरुस्त करायचे नाही. दुरुस्ती मुळात करून पॅकेज पुन्हा तयार करायचे. हा नियम मोडला की पुढच्या वेळी तयार होणारे पॅकेज हाताने केलेली दुरुस्ती पुसून टाकते, आणि ती होती याची आठवणही कोणाला राहत नाही.

पासवर्डबद्दलही एक सांगायला हवे. पॅकेज तयार करताना त्याची ‘प्रोटेक्शन लेव्हल’ काहीच सांगितली नाही, तर संवेदनशील माहिती तयार करणाऱ्या वापरकर्त्याच्या किल्लीने बंद होते, आणि सर्व्हरवरच्या वेगळ्या खात्याला ती उघडता येत नाही. स्वतःच्या संगणकावर चालणारे पॅकेज सर्व्हरवर का अपयशी होते, याचे कारण बरेचदा एवढेच असते. पॅकेजमध्ये संवेदनशील काही साठवायचेच नाही असे प्रोग्रॅममध्ये सांगून, पासवर्ड चालवण्याच्या वेळी बाहेरून द्यावा.

आपली लेखमाला पुढे चालू राहणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. लेखकांना माझी विनंती आहे की, पुढच्या एखाद्या भागात तपासणीचा हाच एक टास्क आधी खिडकीतून आणि मग प्रोग्रॅममधून मांडून दाखवावा, आणि दोन्हींना नियमांत न बसणारी फाइल देऊन काय होते तेही छापावे. जागा कमी पडत असेल तर चांगल्या फाइलचे उदाहरण गाळले तरी चालेल.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक व डेटा अभियंता